पहाटे मरणारे मासे आणि दुपारचा अहवाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ज्या तळ्यात मासेमारी करता त्यात वस्तीचा नाला येऊन मिळतो. गेली काही वर्षे पहिल्या पावसाच्या आसपास एखाद्या पहाटे मासे मरून तरंगतात. तक्रार केल्यावर पाणी तपासले गेले आणि अहवालात सगळे आकडे ‘मर्यादेत’ आले. मासे अजूनही जाळ्यात येतात, आणि तळ्याच्या सांडव्याखाली नदीतही लोक मासे धरतात. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: पाणी खरेच दूषित आहे का, हे मासे खावेत-विकावेत का, आणि तळे पुन्हा पूर्वीसारखे होईल का.

या तिन्हींची उत्तरे एका बाटलीभर पाण्यातून निघत नाहीत. बहुतेक वादांचे मूळ तिथेच असते. मी गोड्या पाण्यातली मासेमारी आणि पाणी तपासणी या कामात बरीच वर्षे आहे. अशी तक्रार आली की मी सांडपाण्यातल्या घाणीचे आधी दोन भाग करते. एक संपणारी घाण: अन्नाचे अवशेष, मैला, साबणाचे पाणी, रोगजंतू. जिवाणू ती कुजवतात, ऊन आणि वेळ जंतूंना मारतात. पुरेसा अवकाश मिळाला तर ती नाहीशी होते. दुसरी साठणारी घाण: गाळात बसणारे फॉस्फरस, पारा-शिसे-कॅडमियमसारखे धातू, चरबीत मुरणारी काही रसायने. ती कुठेही जात नाही, फक्त जागा बदलते. मासे मरतात ते बहुतेक वेळा पहिलीमुळे. मासे वर्षानुवर्षे खाण्यास धोकादायक ठरतात ते दुसरीमुळे. आणि नाला बंद केल्यावरही तळे सुधारत नाही, तेही दुसरीमुळेच.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर बरेच अवलंबून आहे. तळे किती खोल आहे? कोरड्या दिवसांत त्यात नाल्याखेरीज दुसरे पाणी येते का? नाल्यावर फक्त घरे आहेत की एखादा कारखाना, मुलामा देण्याचे काम, रंगकाम, रुग्णालय, गॅरेजही आहे? आसपासच्या शेतातून फवारणीचे पाणी उतरते का? तुमच्या वर्णनावरून मला सर्वांत शक्य वाटणारी गोष्ट मी पुढे मांडते, पण या माहितीने तिच्यात फरक पडू शकतो.

आधी मरणारे मासे. पाणी गरम झाले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलीग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट घरगुती मैलापाण्यातली घाण कुजताना पाच दिवसांत लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलीग्रॅम प्राणवायू वापरते. अहवालात ‘बीओडी’ म्हणून जो आकडा असतो तो हाच. हिशेब करून पाहा: एक लिटर कच्चे मैलापाणी ३० अंशांच्या २७ ते ४० लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकते. हवेतून थोडा प्राणवायू परत मिसळत राहतो म्हणून प्रत्यक्षात तळे लगेच मरत नाही, पण त्याच्याकडे शिल्लक किती थोडी असते हे यातून कळते. रोहू-कटलासारख्या माशांना लिटरमागे ५ मिलीग्रॅमच्या वर प्राणवायू असेल तर बरे वाटते. ३ च्या खाली ते खाणे सोडतात, सुस्तावतात. १-२ वर आले की वर येऊन तोंड उघडू लागतात.

आता वेळेचा मुद्दा, जो तुमच्या अहवालाचे कोडे उलगडतो. सांडपाण्यातल्या नत्र-फॉस्फरसवर पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते, इतका की दुपारी दोन-तीनला वरच्या थरात लिटरमागे १० किंवा १२ मिलीग्रॅमही मिळू शकतो. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, पण शेवाळ, मासे, जिवाणू आणि गाळ रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. सर्वांत नीचांकी पातळी येते ती सूर्योदयाच्या थोडी आधी. तपासणीचे पथक कार्यालयीन वेळेत येते, काठावरून वरचे पाणी भरते आणि प्रयोगशाळेला उत्तम आकडा मिळतो. तो आकडा खोटा नसतो. पण मासे ज्या वेळी आणि ज्या थरात गुदमरले त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. हिरव्या पाण्यात दुपारी प्राणवायू फार जास्त आढळला, तर मी उलट जास्त काळजी करते, कारण दिवसाची उडी जितकी मोठी तितकी रात्रीची घसरणही मोठी असते.

पहिल्या पावसाला हे का घडते? कारण त्या दिवसांत तीन-चार गोष्टी एकदम जमून येतात. ढगांमुळे शेवाळाची दिवसाची कमाई घटते. कोरड्या दिवसांत नाल्यात आणि गटारांत बसलेला गाळ पहिल्या लोंढ्याबरोबर एका झटक्यात तळ्यात येतो. त्यात ऊन खाऊन तापलेले वरचे पाणी आणि तळाचे थंड पाणी यांचे जे थर पडलेले असतात ते वारा आणि थंड पावसाचे पाणी मोडून टाकतात. तळाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे प्राणवायू नसतो. त्यात अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. ते पाणी वर आले की सबंध तळ्यातला प्राणवायू काही तासांत खाली बसतो. तुमच्या वर्णनात त्या सकाळी वास आला होता आणि पाणी काळपट झाले होते, असे आहे. ते या चित्राशी जुळते.

तरीही विषबाधेची शक्यता तपासल्याशिवाय सोडू नये. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत आणि त्या मी नेहमी पाहते. प्राणवायू संपला असेल तर मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, ऊन वर आल्यावर उरलेले सावरतात, मोठे मासे आधी मरतात आणि बारीक पिल्ले तगून राहतात. मरळ, मागूर, शिंगी यांसारखे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे बहुधा वाचतात. कीटकनाशक किंवा कारखान्याचे रसायन असेल तर दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतूक होऊ शकते, बारीक मासे आधी जातात, पाण्यातले किडे आणि बेडकांची पिल्लेही मेलेली दिसतात, आणि मरण्याआधी मासे गिरक्या घेतात, झटके देतात. रोग असेल तर सहसा एकाच जातीचे मासे अनेक दिवस थोडे थोडे मरतात आणि अंगावर जखमा असतात. कल्ले उघडून पाहा: रक्त लालऐवजी चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट, म्हणजे अमोनियापासून बनणारे नत्राचे एक विषारी रूप, वाढले आहे. खुणा सरमिसळ झालेल्या दिसल्या तर एकाच कारणावर अडून बसू नका. गुदमरलेल्या तळ्यात थोडेसे विषही जास्त मारते.

अमोनियाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण अहवालात तो हमखास चुकीचा वाचला जातो. पाण्यातल्या अमोनियाचा एक भाग माशांना फारसा जाचत नाही, दुसरा मुक्त भाग कल्ल्यांतून थेट शरीरात शिरतो. हे प्रमाण पाण्याच्या पीएचवर (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आणि तापमानावर ठरते. २५ अंशांना पीएच ७ असेल तर मुक्त भाग एक टक्क्याहूनही कमी. पीएच ८ ला सुमारे ५ टक्के. पीएच ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. आणि हिरव्यागार तळ्यात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे दुपारी पीएच ९ पर्यंत सहज जातो. म्हणजे असे तळे माशांना पहाटे प्राणवायूअभावी छळते आणि दुपारी अमोनियामुळे. एकूण अमोनियाचा आकडा त्याच क्षणीच्या पीएच आणि तापमानाशिवाय दिला असेल, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

नदीचे गणित वेगळे आहे. नाला जिथे नदीला मिळतो तिथे प्राणवायू सर्वांत कमी नसतो. घाण कुजायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे वाहून गेलेले असते, म्हणून सर्वांत वाईट पट्टा प्रवाहाच्या दिशेने काही तास ते एक-दोन दिवसांच्या अंतरावर पडतो, आणि त्यापुढे नदी हळूहळू सावरते. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये या घसरणीचे आणि सावरण्याचे समीकरण मांडले. आजची नदीची प्रारूपे त्याच पायावर उभी आहेत. तुमच्या सांडव्याखाली नमुना फक्त तोंडाशी घेतला असेल तर नदीतला खरा वाईट भाग कागदावर आलेलाच नाही. यंत्र नसेल तर दगड उलटून पाहा. दगडाखाली दोन किंवा तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, म्हणजे स्टोनफ्लाय आणि मेफ्लायची पिल्ले, हालताना दिसली तर तिथे प्राणवायू बऱ्यापैकी टिकतो. फक्त लाल अळ्या आणि गाळात वळवळणारे बारीक लाल किडे असतील, दगडांवर करड्या कापसासारखे झुबके लोंबत असतील, तर ते पाणी गेले काही आठवडे तरी मैल्याने भरलेले आहे. हे जीव तिथेच राहतात, म्हणून एका दिवसाच्या नमुन्यापेक्षा त्यांची साक्ष मला जास्त विश्वासाची वाटते.

मोजणी कशी करावी? विरघळलेल्या प्राणवायूचे मीटर मिळाले तर उत्तम. नाही तर रसायनांनी प्राणवायू मोजणारा विंकलर पद्धतीचा संच चालतो. १८८८ पासून ती पद्धत वापरात आहे आणि आजही भरवशाची आहे. अट एकच, रसायने जागेवरच बाटलीत घालून प्राणवायू ‘बांधून’ टाकायचा. बाटली तशीच प्रयोगशाळेत नेली तर आकडा निरर्थक होतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी आणि त्याच दिवशी दुपारी दोन-तीनला, नाल्याच्या तोंडाशी, मध्यभागी आणि सांडव्याजवळ मोजा. प्रत्येक ठिकाणी वर, मध्ये आणि तळापासून वीतभर वर. स्वच्छ उन्हाचा एक दिवस, ढगाळ हवेचा एक दिवस आणि पहिल्या मोठ्या सरीनंतरची पहाट, एवढे झाले तरी चित्र स्पष्ट होते. सोबत दोरीला बांधलेली २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवा. इतके साधे साधन, पण वर्षभर दर आठवड्याला एकाच जागी वापरले तर तळे सुधारतेय की बिघडतेय हे ते स्पष्ट दाखवते. मरतूक झाली त्या वेळी मात्र घाई महत्त्वाची. पहिल्या तासातच पाणी भरा, आचके देणारे किंवा नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवा. फुगलेल्या, सडलेल्या माशातून प्रयोगशाळेला काही सापडत नाही. नदीत विषारी पट्टा पुढे सरकून जातो, म्हणून नमुना घ्यायला तुम्हालाही पुढे जावे लागते.

इथवर जे लिहिले ते संपणाऱ्या घाणीबद्दल: पहाटेचा प्राणवायू, तळाचे पाणी, पीएचसकट अमोनिया, आणि नदीत नाल्याच्या तोंडापेक्षा पुढचा पट्टा. यावरून मासे का मेले ते कळेल. ते खावेत का, हे यावरून कळणार नाही.

खाण्याच्या बाबतीत पहिली गोष्ट ठाम सांगते: मरून तरंगलेले मासे खाऊ नका, विकू नका, सुकवूही नका. मरतुकीचे कारण निश्चित होईपर्यंत कोंबड्या-जनावरांनाही घालू नका. जिवंत पकडलेल्या माशांबद्दल उत्तर थोडे लांब आहे.

रोगजंतू माशाच्या आतड्यात, कातडीवर आणि कल्ल्यांत असतात. निरोगी माशाच्या मांसात ते सहसा नसतात. पाणी फारच मैले असेल तर मात्र तिथेही पोचतात. धोका बहुतेक वेळा साफ करताना तयार होतो: आतडे फुटते, तीच सुरी, तीच फळी, तेच हात मांसाला लागतात. आतडे न फोडता काढणे, सुरी-फळी वेगळी ठेवणे, पिण्यायोग्य पाण्याने धुणे आणि आतपर्यंत नीट शिजवणे, याने जंतूंचा प्रश्न जवळपास सुटतो. अशा पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धकच्चा कधीही खाऊ नये, कारण काही यकृतकृमी माशाच्या मांसातून माणसात येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांडपाण्यावरच्या मत्स्यतळ्यांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू १,००० पर्यंत, अशी मर्यादा सुचवली होती. कच्च्या मैलापाण्यात हीच संख्या कोट्यवधींत असते. तुमच्या अहवालात ही तपासणी नसेल तर ती मागा. आणि माशांइतकीच काळजी मासेमारांची करा. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप आणि जबर अंगदुखी आली तर डॉक्टरांना पाण्याचा संबंध आवर्जून सांगा.

पाण्यावर हिरव्या रंगाची साय आल्यासारखा थर दिसत असेल तर ते निळे-हिरवे शेवाळ असू शकते. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे यकृताला बाधणारे विष तयार करतात आणि ते उकळल्याने जात नाही. माशात ते यकृतात आणि आतड्यात सर्वाधिक साठते. असा थर असेल तोवर त्या भागात जाळे टाकू नये आणि जनावरांना तिथे पाणी पाजू नये.

आता साठणारी घाण, म्हणजे खरी काळजीची बाब. नाल्यावर फक्त घरे असतील तर हा धोका मर्यादित आहे. एखादा जरी कारखाना किंवा मुलाम्याचे काम असेल तर तो गृहीत धरूनच चालावे. पारा सर्वांत दगाबाज. प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, किड्यांतून बारीक माशांत, तिथून मोठ्या शिकारी माशांत दर पायरीला वाढत जातो. पाण्यात मोजता न येण्याइतका असला तरी मोठ्या माशाच्या मांसात तो लक्षावधी पट साठू शकतो. जपानमध्ये मिनामाता उपसागराकाठी मिथिल पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला आणि १९६५ मध्ये निईगाता भागातल्या आगानो नदीकाठी दुसऱ्यांदा. तिथल्या लोकांनी विष घेतले ते पाण्यातून नव्हे, रोजच्या माशांतून. मिथिल पारा मांसात असतो, त्यामुळे धुऊन, तळून, चरबी काढून तो कमी होत नाही. पीसीबीसारखी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलात असणारी) रसायने मात्र चरबीत मुरतात; कातडी आणि पोटाकडची चरबी काढली तर त्यांचे प्रमाण बरेच घटते, संपत नाही. स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवले की माशाचे आतडे रिकामे होते, धातू जात नाहीत. धातूही जातात असा भरवसा कोणी दिला तर मानू नका.

म्हणून खाण्याचा निर्णय पाण्याच्या अहवालावर घेऊ नका, माशाच्या मांसाची तपासणी करून घ्या. तळ्यातला सर्वांत मोठा, जुना शिकारी मासा आणि तळाशी चरणारा मासा, असे दोन प्रकार निवडा. प्रत्येक प्रकारचे काही मासे एकत्र करून पारा, शिसे, कॅडमियम तपासायला द्या. हे दोन चांगले निघाले तर बाकीच्यांबद्दल बरीच खात्री वाटू शकते. निकाल येईपर्यंत मी स्वतः हा सल्ला देते: गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी व लहान मुलांनी या तळ्यातले मोठे शिकारी मासे टाळावेत, बाकीच्यांनी लहान, शेवाळ किंवा वनस्पती खाणारे मासे निवडावेत, आणि यकृत, आतडी, डोके टाकून द्यावे. मासेमारी लगेच बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांचे घर त्यावर चालते त्यांना तपासणीशिवाय असे सांगणे अन्यायाचे आहे, आणि तपासणी न करता ‘काही होत नाही’ म्हणणे तितकेच.

सांडपाणी आणि मासे हे एकत्र नांदूच शकत नाहीत, असेही नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भूमीत, सुमारे १२,५०० हेक्टरांवर, शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत बेताबेताने सोडून पिढ्यान्‌पिढ्या मासे वाढवले जातात. २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. म्युनिक शहरानेही १९२९ मध्ये सांडपाण्यावरची मत्स्यतळी बांधली होती. तिथे जमले कारण पाणी उथळ, ऊन भरपूर, आणि घाण तळ्याला पचेल तेवढीच मापून दिलेली. तुमच्या नाल्यावर कोणाचाच ताबा नाही. तो रात्रंदिवस येतो आणि पहिल्या पावसाला सगळी थकबाकी एकदम आणतो.

उरला सुधारण्याचा प्रश्न. कॅनडातल्या ऑंटारिओमध्ये १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने ‘लेक २२६’ हे तळे प्लॅस्टिकच्या पडद्याने मधोमध विभागले. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातले, दुसऱ्या बाजूला तेच आणि त्याशिवाय फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. त्यामुळे तळे सुधारायचे तर फॉस्फरसचा ओघ थांबवणे आधी. अमेरिकेतल्या सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनभोवतीच्या वस्त्यांनी १९६३ ते १९६८ मध्ये सांडपाणी तळ्यापासून पूर्णपणे वळवले आणि काही वर्षांतच पाणी नितळ झाले. पण ते तळे साठ मीटरहून खोल आहे. स्वीडनमधले ट्रुमेन तळे जेमतेम दोन मीटर खोल. त्यात येणारे सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबवले तरी वर्षानुवर्षे फरक पडला नाही, कारण गाळच फॉस्फरस परत सोडत राहिला. १९७० आणि १९७१ मध्ये वरचा गाळ उपसल्यावर ते सुधारले. तुमचे तळे उथळ असेल तर दुसऱ्या उदाहरणासारखे होईल असे धरून चाला.

क्रम चुकवू नका. नाला चालू असताना गाळ काढणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी नाला प्रक्रिया केंद्राकडे वळवणे, निदान पहिल्या पावसाचा लोंढा तळ्याबाहेरून काढणे. प्रक्रिया केंद्र असेल तर दोन गोष्टी विचारा: अमोनियाचे नायट्रेट होते का, आणि फॉस्फरस काढण्याची वेगळी पायरी आहे का. साधी प्रक्रिया बीओडी उत्तम उतरवते आणि बराचसा फॉस्फरस तसाच पुढे सोडते. बीओडी लिटरमागे २० मिलीग्रॅमची जी जुनी मर्यादा जगभर नकलली गेली ती १९१२ च्या ब्रिटिश रॉयल कमिशनची आहे. तिच्यात गृहीत होते की सोडलेल्या पाण्यात किमान आठपट स्वच्छ नदीचे पाणी मिसळेल, म्हणजे मिश्रणाचा आकडा ४ च्या आसपास राहील. तुमच्या तळ्यात उन्हाळ्यात नाल्याखेरीज काहीच येत नसेल, तर आठपट पाणी आहे कुठे? ‘मर्यादेत’ या शब्दाला हा प्रश्न जरूर विचारा.

पुढच्या पावसाआधी करता येण्यासारखी कामेही आहेत. विक्रीयोग्य मोठे मासे आधीच काढून घ्या. तळ्यात मासे कमी असतील तर त्याच प्राणवायूत उरलेले तगतात. बाहेरून खाद्य टाकत असाल तर ढगाळ दिवसांत बंद ठेवा. हवा देणारी यंत्रे असतील तर ती मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवा, दुपारी कारंजी उडवण्यात अर्थ नाही. वरचे पाणीच ढवळा, तळाचा काळा गाळ ढवळू नका. शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका. एकदम मेलेले शेवाळ कुजताना जो प्राणवायू खाते त्याने उरलेसुरले मासेही जातात. जलपर्णी काढली तर दूर न्या, काठावर ढीग लावला की तीच घाण पहिल्या सरीला परत पाण्यात. जिवाणूंच्या भुकट्या विकणारे येतील. ज्या पाण्यात रोज नवा मैला येतो तिथे जिवाणूंची कमतरता नसते, प्राणवायूची असते. आणि गाळ कधी काढलाच तर शेतात पसरण्याआधी त्यातले धातू तपासा.

लेखी अर्जात एवढेच मागा: सूर्योदयापूर्वीचा नमुना, वर, मध्ये आणि तळाजवळ असे तीन थरांतले मोजमाप, पीएच-तापमानासह अमोनिया, मैल्यातले कोलिफॉर्म, आणि दोन प्रकारच्या माशांच्या मांसातले धातू, प्रत्येकाची वेळ आणि जागा नोंदवून. तळ्याची खोली, नाल्यावर काय काय आहे आणि पहाटेचे दोन-तीन आकडे मला कळवलेत, तर गाळ काढावा की नुसता नाला वळवून थांबावे याबद्दल अधिक नेमके सांगू शकेन.